पांढरीची माती आणि तेरचे संग्रहालय



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. आजचा विषयही मातीचाच आहे, पण गावालगतच्या पांढरीच्या मातीचा. धाब्याच्या घरावर टाकायला, वावरात पसरायला ही माती आपण पिढ्यान् पिढ्या उचलत आलो. पूर्वी ती बैलगाडीने जायची. आता जेसीबी लावला की आख्खं टेकाड आठ दिवसांत सपाट होतं.

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर गाव आहे. पुढे मांजरेला मिळणारी हीच ती तेरणा. गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण तिथं जातो, समाधीचं दर्शन घेतो आणि माघारी येतो. त्याच गावात कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तिकडे फार थोडे वळतात.

लामतुरे तेरचेच रहिवासी. गावच्या पांढरीत जे सापडे ते त्यांनी जमवले: नाणी, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, हस्तिदंती वस्तू. हाच संग्रह पुढे शासनाच्या संग्रहालयाचा पाया झाला. 1958 साली तेरला उत्खननही झाले. एका गावकऱ्याने खापरं जपली म्हणून गावाचा इतिहास गावात राहिला.

आणि इतिहास तरी केवढा! तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे, की पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नगर असून तिथून कापड गाड्यांत भरून अवघड वाटेने भडोच बंदराला जाते. इटलीतले पाँपेई शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे 1938 साली हस्तिदंताची एक भारतीय बाहुली सापडली. तिच्याशी जुळणारी बाहुली आपल्या तेरची आहे. ज्या मराठवाड्याला ऊठसूट मागास म्हणतात, त्याचा माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होता!

कोणी विचारील, यानं एकरी टनेज वाढणार आहे का? नाही वाढणार. पण पांढरी उकरूनही ते टिकत नाही. उसाला शेणखत, प्रेसमडचे कंपोस्ट, ताग किंवा धैंचा गाडणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

दुसरी भीती जमिनीची. काही निघालं हे कळलं तर सरकार वावर घेईल, म्हणून माणूस वस्तू दडवतो, नाहीतर फिरत्या व्यापाऱ्याला विकतो. अहो, खापर सापडलं म्हणून सातबारा बदलत नाही. उलट 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांवरील किमतीची ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. शिवाय वस्तू जागेवरून हलली, की ती कुठल्या थरातली, कुठल्या काळातली, हे सांगता येत नाही.

तेव्हा सपाटीकरणात मूर्ती, नाणी, जुन्या विटांची भिंत लागली तर यंत्र थांबवा. वस्तू धुऊ-घासू नका. तलाठ्याला सांगा, तहसीलला अर्ज द्या. आणि संचालक मंडळाला आमची सूचना आहे, की सभासदांच्या अभ्यास सहलीत तेरचा एक मुक्काम धरावा. नांगर चालवणाऱ्याने एकदा ते संग्रहालय पाहिले, की फाळाला लागलेलं खापर तो बांधावर फेकणार नाही.

— ऊस विकास अधिकारी