आकाशात पाऊण तास, अंगणात पोहोचायला पाच!

लोअर परळच्या चाळीत आजही ‘गाव’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर कुडाळ, मालवण, वेंगुर्ले येते. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळ सुरू झाला, तेव्हा ‘आता तासाभरात गावी’ असे सगळ्यांनाच वाटले. पण तासाभराचे गणित खरे किती?

अंतर किती?
मुंबई आणि चिपी विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. मुंबई-गोवा महामार्गाने कुडाळ गाठायचे तर घाट-वळणांसह पावणेपाचशेच्या पुढे किलोमीटर पडतात.

मग वेळ जास्त का?
या मार्गावर उडणारे ‘एटीआर’ हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने पाऊण तास पुरे. पण वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा उभे राहीपर्यंतची असते. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. रांग लागते, आणि पाऊण तासाचे जवळपास दीड तास होतात.

घर ते घर हिशेब
लोअर परळ ते विमानतळ एक तास, आधी पोहोचणे दीड तास, विमान दीड तास, सामान अर्धा तास आणि चिपी ते कुडाळ पाऊण तास. झाले सव्वापाच तास! वंदे भारत दादरहून कणकवलीला साधारण सहा तासांत सोडते, पावसाळ्यात थोडा जास्त वेळ घेते. मेट्रो ३ मुळे आचार्य अत्रे चौकातून थेट विमानतळ गाठता येतो, एवढाच काय तो दिलासा.

खरा प्रश्न नियमिततेचा
‘उडान’ योजनेत मार्ग तोट्यात गेला तर सरकार भरपाई देते, पण ती तीन वर्षेच. ती मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये चिपीचे मुंबई विमान थांबले. दरम्यान जानेवारी २०२३ पासून शेजारी मोपा सुरू झाला होता. सावंतवाडी, बांद्याचा प्रवासी तिकडे वळला.

विमान आज आहे, उद्या नाही, अशा भरवशावर कोणी आजारी आईला भेटायला निघत नाही. तो रात्रीची कोकणकन्याच धरतो. म्हणून सरकारने उद्घाटनांपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात: मुंबईत उड्डाणाची सोयीची आणि कायमची वेळ, चिपीहून कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्याला विमानाच्या वेळेनुसार एसटी, आणि अनुदान संपल्यावर काय, याचे उत्तर आधीच तयार. अंतर विमान कापते. गाव जवळ येते ते भरवशाने.