विश्लेषण : परिचारिकांचा संप मिटतो, वॉर्डातले गणित का सुटत नाही?

राज्यातील शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांनी 18 जुलै 2025 पासून बेमुदत संप पुकारला होता. चर्चा झाली, आश्वासने मिळाली, संप मागे घेतला गेला. मे 2022 मध्येही जवळपास हेच घडले होते. तेव्हाही बाह्यस्रोतामार्फत भरतीला विरोध आणि कायमस्वरूपी पदे भरण्याची मागणी होती. तीन वर्षांनी तीच मागणी पुन्हा आझाद मैदानावर आली. अमरावती आणि अकोल्याच्या सरकारी रुग्णालयांवर अवलंबून असलेल्यांसाठी या वादाचा अर्थ काय?

मागण्या नेमक्या कोणत्या?

मागण्या दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या पैशाच्या. केंद्र सरकारच्या रुग्णालयात परिचारिकेचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 44,900 रुपये आहे. महाराष्ट्रात अधिपरिचारिकेला 35,400 रुपये मिळतात. म्हणजे मूळ वेतनातच 9,500 रुपयांचा फरक, आणि महागाई भत्ता, घरभाडे भत्ता त्याच्या टक्केवारीत मोजला जात असल्याने दरमहाची तफावत आणखी वाढते. वेतनत्रुटी दूर करण्यासाठी नेमलेल्या खुल्लर समितीकडून अपेक्षा होती. तिथेही न्याय मिळाला नाही, अशी संघटनेची तक्रार आहे. केंद्राप्रमाणे नर्सिंग भत्ता ही मागणी तर जुनीच.

दुसऱ्या मागण्या मनुष्यबळाच्या : रिक्त पदे भरा, कंत्राटी भरती थांबवा, खाटा वाढल्या तशी पदे वाढवा. रुग्णाच्या जिवाशी थेट संबंध याच मागण्यांचा आहे, आणि वाटाघाटीत मागे पडतात त्याही याच.

एका परिचारिकेमागे किती रुग्ण असावेत?

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सामान्य वॉर्डासाठी 1:3 आणि इतर रुग्णालयांत 1:5 हे प्रमाण असावे. अतिदक्षता विभागात ते 1:1 आहे. शिवाय रजेसाठी 30 टक्के राखीव पदे हवीत.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 1:3 म्हणजे एका परिचारिकेसमोर तीन रुग्ण, असे नाही. हे प्रमाण तिन्ही पाळ्यांचे मिळून आहे. प्रत्येक पाळीत ते 1:9 होते.

उदाहरण घेऊ. 30 खाटांच्या वॉर्डाला 1:3 नुसार 10 परिचारिका लागतात, राखीव धरून 13. म्हणजे एका पाळीत साधारण तिघी. 1:5 लावले तर 6, राखीव धरून 8. पाळीला दोघी आणि प्रत्येकीकडे 15 रुग्ण. आता पावसाळ्यात, डेंग्यूच्या साथीत, त्याच वॉर्डात 45 रुग्ण दाखल झाले, काही जमिनीवरच्या गाद्यांवर, तर? पदे मंजूर खाटांवर ठरतात, प्रत्यक्ष रुग्णांवर नाही. त्यामुळे परिचारिका दोघीच राहतात आणि प्रत्येकीकडे 22-23 रुग्ण येतात. त्यातली एक आजारी पडली की पुढचा हिशेब करायलाच नको.

लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले.

अमरावती-अकोल्यात हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा?

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यात 10 नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यात अमरावती, बुलढाणा आणि वाशीम ही तीन होती. यवतमाळ आणि अकोल्यात महाविद्यालये आधीपासून आहेत; अकोल्याचे 2002 चे. म्हणजे अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बातमी चांगलीच आहे.

पण नवे महाविद्यालय जिल्हा रुग्णालयाच्या खाटांच्या आधारावर उभे राहते. अमरावतीचे इर्विन म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय. खाट तीच, रुग्ण तोच. फक्त त्या खाटेभोवती विद्यार्थी शिकू लागले की परिचर्या परिषदेच्या हिशेबाने निकष 1:5 वरून 1:3 वर जातो. म्हणजे एकही खाट न वाढवता परिचारिकांची गरज दोन तृतीयांशाने वाढते. प्राध्यापक कमी पडले तर महाविद्यालयाची मान्यता अडते. परिचारिका कमी पडल्या म्हणून मान्यता अडली, असे सहसा ऐकू येत नाही.

मेळघाटातून येणाऱ्यांना पर्याय नसतो. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. गुंतागुंतीच्या बाळंतपणासाठी तिथून डफरीनपर्यंत पोहोचलेल्या बाईला रात्रपाळीला किती परिचारिका आहेत, हे निवडता येत नाही. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयावर वाशीम, बुलढाण्याचा भार वर्षानुवर्षे आहे. नवी महाविद्यालये पूर्ण क्षमतेने चालेपर्यंत तो लगेच हलका होईल, असे मानणे धाडसाचे ठरेल.

निकष आहे, तर अंमल का होत नाही?

कारण तो निकष आहे, कायदा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 1999 च्या कायद्याने कमाल रुग्णसंख्या ठरवली आणि 2004 पासून ती लागू झाली. जानेवारी 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन मोठ्या रुग्णालयांतील सुमारे 7,000 परिचारिका तीन दिवस संपावर गेल्या, तेव्हा मनुष्यबळाचे प्रमाण थेट करारात आले. तिथे रुग्णालय आणि संघटना यांच्यात मुदतीचा, बंधनकारक करार होतो.

आपल्याकडे शासकीय परिचारिकेचा असा करार नसतो. संघटना निवेदन देते, मंत्री बैठक घेतात, बैठकीचे इतिवृत्त निघते. शासन निर्णय निघाला तरच काही बदलते. भत्त्याचा निर्णय वित्त विभागाच्या होकारावर निघू शकतो. पदे वाढवायची तर नवा आकृतिबंध, उच्चस्तरीय सचिव समिती, मग भरतीची परीक्षा. त्यात दोन खाती : अकोल्याचे सर्वोपचार वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर जिल्हा रुग्णालये पारंपरिकपणे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. संपाचा दबाव काही दिवस टिकतो, ही फाईल काही वर्षे चालते. मधल्या काळात सोपा मार्ग म्हणून कंत्राटी भरती होते आणि पुढच्या संपाचे कारण तयार होते.

संपाचा हक्कही मर्यादित आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात म्हटले. शिवाय मेस्माची टांगती तलवार असते. संप लांबला तर हाल गरीब रुग्णाचेच होतात, हा सरकारचा युक्तिवाद खोटा नाही. मात्र संप नसतानाच्या रात्री एका परिचारिकेवर 20 रुग्ण असतात, तेव्हा त्या हालांची नोंद कुठेच होत नाही.

जबाबदारी कोणावर येते?

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि 10 बालके दगावली. नंतर दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. कोणाची चूक किती, हे न्यायालय ठरवेल. सप्टेंबर 2022 मध्ये अमरावतीच्या डफरीनमधील शिशु कक्षातही आग लागली; तिथे बालकांना वेळीच बाहेर काढता आले. अशा कक्षात एकेका पाळीला किती हात हजर आहेत, हा आकडा घटना घडल्यावर चौकशीत विचारला जातो. तो वॉर्डाच्या दाराबाहेर रोज लिहिला जावा, असा नियम करायला आकृतिबंधाची फाईल लागत नाही.

पुढे काय?

केंद्राने आठव्या वेतन आयोगाची प्रक्रिया सुरू केली आहे. नवे वेतन जुन्या मूळ वेतनाला गुणून ठरते. त्यामुळे 35,400 आणि 44,900 मधील दरी आधी मिटली नाही, तर ती नव्या वेतनश्रेणीत अधिक रुंद होऊन जाईल. संघटना त्यासाठी घाईत आहे. पदांच्या मागणीला मात्र अशी कोणतीही तारीख नाही.