दगड, अफवा आणि आपली जबाबदारी

१ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल या मुस्लिमबहुल वस्तीत कोरोना रुग्णांच्या संपर्कातील लोक शोधायला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. तरीही त्या लगेचच पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या.

या घटनेच्या आडून सबंध समाजाला बदनाम करण्यात आले, हे खरे. एनआरसीच्या धास्तीने नावे लिहून घेणाऱ्या प्रत्येकाचा संशय येत होता, हेही खरे. पण भीती हे दगडाचे कारण असू शकते, समर्थन नाही.

प्रश्न एकाच समाजाचा नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात नातेवाइकांच्या मारहाणीत एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. अशा वेळी बंद ओपीडीच्या दारात ताटकळतो तो गरीबच.

महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि मोडतोड केलेल्या उपकरणांच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. तरी मारहाण थांबलेली नाही, कारण कायदा येतो तो मारहाणीनंतर. भडका त्याआधीच पेटलेला असतो. रुग्ण आयसीयूत, नातेवाईक जिन्यावर, डॉक्टर सलग ड्युटीने थकलेला. तासन्‌तास कोणी काही सांगत नाही आणि मग अचानक मृत्यूची बातमी येते. तेवढ्यात कोणीतरी म्हणतो, ‘चुकीचं इंजेक्शन दिलं.’

म्हणून नातेवाइकांशी नियमित बोलणारी एक ठरलेली व्यक्ती रुग्णालयाने नेमावी. वाईट बातमी वरिष्ठ डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगावी. वॉर्डातली गर्दी पास देऊन आवरावी, रात्री सुरक्षारक्षक ठेवावेत.

आणि आपण? प्रत्येक मोहल्ल्यात रुग्णालयाची कार्यपद्धती जाणणारे दोन-तीन कार्यकर्ते तयार करू या. आपल्याकडे दफनाची घाई असते. शवविच्छेदनाला वेळ लागला की वाद पेटतो. तिथे कागदपत्रे समजावणारा ओळखीचा माणूस जमावाला थांबवू शकतो. हलगर्जीपणा झालाच असेल, तर वैद्यकीय परिषद आणि ग्राहक आयोग आहेत. लेखी तक्रारीला हाच कार्यकर्ता मदत करील.

इंदूरच्या त्या डॉक्टर परत गेल्या. पुढच्या वेळी दगड उचलणाऱ्याचा हात धरायला आपल्यातलेच कोणी पुढे असले पाहिजे.