सॅक भरण्याआधी...

टीममधला एक जण ऑक्टोबरमध्ये नेपाळला, अन्नपूर्णा सर्किटला चाललाय. परवा त्याने 'जरा बघून घे' म्हणून एक एक्सेल शीट पाठवली. बेचाळीस ओळी! प्रत्येक वस्तूपुढे किंमत, वजन, लिंक. चाळीस हजारांच्या आसपास टोटल. इतका नीट स्पेक तर आमच्या क्लायंटनेही कधी दिला नाही.

पण त्यात एक ओळ नव्हती. त्यावरून हे लिहितोय.

आधी कपड्यांचं सांगतो. मी गेलो तेव्हा माझी मिजास अशी की सह्याद्रीत कॉलेजपासून भटकतोय, मला काय शिकवता? राजगडावर भर पावसात कॉटनचा टी-शर्ट भिजतो, अंगावरच वाळतो, खाली येऊन कांदाभजी खाल्ली की विषय संपला. थोरोंग फेदीच्या वरच्या चढावर तोच टी-शर्ट आत घातला होता. चढताना घाम आला, थांबलो, वारा सुटला आणि पाच मिनिटांत दात वाजायला लागले. वरून महागडं जॅकेट असून! कॉटन पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब खेचून घेतं. लोकरीचं तसं नाही, ती ओलसर झाली तरी बऱ्यापैकी गरम राहते. त्यामुळे पैसे खर्चायचेच असतील तर आधी अंगाला चिकटणाऱ्या थरावर आणि मोज्यांवर खर्चा. जॅकेट फोटोत दिसतं म्हणून आपण ते आधी घेतो, एवढंच.

बूट निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका. दोन महिने आधी घ्या आणि सिंहगडाच्या आठ-दहा फेऱ्या मारा. पुढे अंगठ्याला जागा हवी, कारण थोरोंग ला ५४१६ मीटरवर आहे आणि तिथून मुक्तिनाथला त्याच दिवशी सोळाशे मीटरच्या वर उतरायचं असतं. माझी दोन नखं काळी पडून गळाली.

डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग सरळ ठमेलमध्ये भाड्याने घ्या, पण दुकानातच चेन दहा वेळा उघडझाप करून बघा. तिथे बड्या ब्रँडच्या नकला ढिगाने मिळतात. काही चांगल्या निघतात, काहींची पिसं दुसऱ्या दिवशी नाकात. रेनकोटच्या बाबतीत मात्र जुगार नको.

असो. आता ती न लिहिलेली ओळ.

आमचे दोन डफल एकत्र बांधून, नाम्लोचा पट्टा कपाळाला लावून एक दाइ आमच्या पुढे चालायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात एक पातळ जर्किन. माझ्या डफलमध्ये काय होतं? एक जीन्स (काठमांडूत फिरायला!), डिओ, दुसरं जॅकेट, एक जाडजूड कादंबरी. पास ओलांडायच्या पहाटे टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर दाइंच्या हातात मोजे नव्हते. विचारलं तर हसून म्हणाले, "सवय आहे." सवय वगैरे काही नसते हो. बोटं त्यांचीही तितकीच गोठतात. माझे जादाचे मोजे दिले, ते त्यांनी लगेच चढवले.

आणि मला आठवलं, एजन्सीशी रेटसाठी मी अर्धा तास घासाघीस केली होती. पोर्टरकडे बूट आहेत का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

ही भावनेची गोष्ट नाही. १४ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी त्याच भागात हिमवादळ आणलं. चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यात नेपाळी गाइड आणि पोर्टरही होते. ऑक्टोबर म्हणजे तिथला सगळ्यात भरवशाचा सीझन!

माझं मत सरळ आहे. ज्याच्या पाठीवर माझं सामान आहे त्याचे बूट, हातमोजे, जॅकेट आणि विमा हे माझ्याच गिअरच्या यादीत धरायचे. पैसे भरायच्या आधी एजन्सीला विचारायचं, उत्तर गोलमाल आलं तर दुसरी एजन्सी. तीस किलोच्या वर ओझं नको, हा तिथला पोर्टरांसाठीचा निकष आहे; त्यात त्याचं स्वतःचं सामानही असतं हे आपण विसरतो. कुणी म्हणेल, त्यांची मजुरी वाढवा, ते घेतील बूट. मजुरी वाढवाच. पण हातात पैसे आले की ते आधी पोरांच्या फीला जातात. माझे बाबाही वर्षानुवर्षं एकच स्वेटर घालत होते.

ठमेलमध्ये कीप नावाची संस्था पोर्टरांसाठी कपड्यांची बँक चालवत आली आहे. परतताना मी माझं दुसरं जॅकेट तिथे देऊन आलो. जीन्स परत आणली, ती कुणाच्याच कामाची नव्हती.

मित्राला शीट परत पाठवली. त्रेचाळिसावी ओळ घातली आणि वरच्या अकरा ओळी लाल केल्या. त्याचा रिप्लाय आला, "अरे, ड्रोन पण नको?"