सिंहगड नको, पर्वती पुरे



दिवाळीचा फराळ संपला, की आम्हाला एक ठराविक फोन येऊ लागतो. "शाळेतली सगळी मुलं स्नोबोर्डिंगला जातात, आमचाही मागे लागलाय. कुठे न्यावं हो? आणि खर्च किती?" आम्ही या विषयातले तज्ज्ञ नव्हेत. पण गेल्या दोन हिवाळ्यांत त्यात बरेच डॉलर आणि एक मनगट घालवून बसलो आहोत, तेव्हा यावेळचे सदर त्यावरच.

पहिल्या वर्षी आम्ही जे केले, ते कुणी करू नये. मुलगा तिसरीत होता. उत्तरेकडचा एक नावाजलेला डोंगर निवडला. (नाव सांगत नाही, डोंगराचा काही दोष नव्हता.) न्यू जर्सीहून पाच तास गाडी, दोन रात्री मोटेल, चौघांची लिफ्टची तिकिटे, भाड्याचे बोर्ड. एवढे पैसे गेल्यावर निदान शिकवणीचे तरी वाचवावेत, असा शहाणा विचार आम्ही केला. बरोबरचे एक स्नेही म्हणाले, "अहो, मी शिकवतो की!" आणि मुलाला थेट खुर्चीच्या लिफ्टने वर घेऊन गेले. वर उतरतानाच तो पडला. उठला, पुन्हा पडला. शेवटी बसल्या बसल्या घसरत, रडत खाली आला, त्याला दीड तास लागला. पाच-पाच वर्षांची पोरे शेजारून भुर्रकन निघून जात होती. गाडीत बसल्यावर तो एवढेच म्हणाला, "बाबा, आपल्या लोकांना हे येत नाही का?"

त्यावर आम्हाला काही बोलता आले नाही. उत्तर सुचायला वर्ष गेले. डोंगर चुकला होता!

असे पाहा. ज्याने आयुष्यात कधी चढण पाहिली नाही, त्याला पहिल्याच दिवशी कुणी सिंहगडावर नेत नाही, पर्वतीवर नेतो. बोर्डवर पहिल्यांदा उभा राहणारा माणूस पहिला दिवसभर दीड-दोनशे फूट लांबीच्या उतारावरच खाली-वर करत असतो. वरचा डोंगर हजार फुटांचा की तीन हजारांचा, त्याला काय त्याचे? पैसे मात्र त्या उंचीचे मोजावे लागतात. कोलोरॅडोतल्या बड्या रिसॉर्टांत खिडकीवरच्या एका दिवसाच्या तिकिटाने कधीच दोनशे डॉलर ओलांडले आहेत.

आपल्या भागात पर्वत्या भरपूर आहेत. मावाह गावातला कॅम्पगॉ हा बर्गन काउंटीच्या पार्कमधला डोंगर, उंची पावणेतीनशे फुटांच्या आसपास. त्याला डोंगर म्हणावे का, असा पुणेकरी प्रश्न पडेल, पण पहिल्या दोन खेपांना तो पुरून उरतो. डेलावेअर वॉटर गॅप ओलांडली, की पोकोनोजमध्ये शॉनी लागतो, सुमारे ७०० फुटांचा. कॅमलबॅक सुमारे ८०० फुटांचा. जर्सीतच व्हर्ननला माउंटन क्रीक आहे, हजार फुटांच्या थोडा वर. हे सगळे सकाळी निघून रात्री घरी जेवायला येण्यासारखे. म्हणजे मोटेल वाचले. आमच्या हिशेबात सगळ्यात मोठी बचत तीच ठरली, तिकिटाची नव्हे.

फोन करून काय विचारायचे, तर एकच: नवशिक्यांचे पॅकेज आहे का? त्यात खालच्या उतारापुरते तिकीट, शिकवणी आणि बोर्ड-बूट असे तिन्ही एकत्र मिळते आणि सुटे घेण्यापेक्षा बरेच स्वस्त पडते. शिकवणीत काटकसर करू नका. आमच्यासारखे कराल! दुसरे म्हणजे सरकता पट्टा आहे का ते पाहा, त्याला तिकडे मॅजिक कार्पेट म्हणतात. स्कीवाल्याचे दोन्ही पाय मोकळे असतात. बोर्डवाल्याचा एक पाय बांधलेला, त्यामुळे खुर्चीच्या लिफ्टवरून उतरणे हाच त्याचा पहिला अपघात. दोरी धरून वर जाण्याची लिफ्ट तर त्याहून वाईट. तिसरे, वाटेत सपाट पट्टे नकोत. स्कीवाला काठ्यांनी रेटत जातो, बोर्डवाला मधेच थांबतो आणि बोर्ड सोडून चालत सुटतो.

कुणी ओळखीचे "आमच्याकडे यूटाला या" म्हणाले, तर आधी डोंगराचे नाव विचारा. यूटातले आल्टा आणि डिअर व्हॅली, तसेच व्हरमाँटचा मॅड रिव्हर ग्लेन, या तीन ठिकाणी बोर्डवाल्यांना आजही मज्जाव आहे. एके काळी बहुतेक सगळीकडेच होता. गंमत म्हणजे या खेळाचा जन्मच घरगुती. मिशिगनमधल्या मस्कीगन गावात शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनियरने १९६५ च्या नाताळात मुलींना खेळायला दोन स्की एकत्र जोडून दिल्या, त्यातून पुढे हे सगळे झाले.

आता थोडे आमच्या धंद्याचे. आपल्याकडचा बर्फ बराचसा यंत्राने केलेला असतो. हवेत पाण्याचे बारीक तुषार उडवतात. काही थेंबांची वाफ होते आणि उरलेले गार होऊन गोठतात. माठातले पाणी गार होते, तेच तत्त्व. म्हणून हवा कोरडी असेल, तर थर्मामीटर ३२ अंशांच्या किंचित वर असतानाही बर्फ करता येतो. या बर्फाचे दाणे होतात, पाकळ्या होत नाहीत. दुपारी वरचा थर वितळला, की सूर्य मावळताच त्याची फरशी होते. रात्रीचे तिकीट स्वस्त असते, नेमके त्या मोहात आम्ही दुसऱ्या वर्षी पडलो आणि आमच्यातल्या केमिस्टचे मनगट मोडले. सहा आठवडे लॅबमध्ये पिपेट डाव्या हाताने! नवशिक्याने सकाळी जरा उशिरा जावे, बर्फ मऊ होऊ लागल्यावर, आणि शक्यतो चार-सहा दिवस सलग थंडी पडून गेल्यावर. नाताळची सुट्टी, मार्टिन ल्यूथर किंग आणि प्रेसिडेंट्स डे यांचे शनिवार-रविवार टाळावेत. गर्दीही जास्त, दरही जास्त.

बोर्डवाला पडतो तेव्हा हात पुढे टाकतो, म्हणून मनगटे सांभाळा. मनगटाचे पट्टे वीस-तीस डॉलरला मिळतात. हेल्मेट हवेच. बोर्ड विकत घेऊ नका, मुलांचे पाय दर वर्षी वाढतात. जीन्स मात्र नको. सुती कापड पाणी धरून ठेवते, ओले झाले की ऊब गेलीच. डबा न्यावा. बऱ्याच ठिकाणी खालच्या लॉजमध्ये घरचे खाऊ देतात, तरी विचारून घ्यावे. तिखटमिठाच्या पुऱ्या थंडीतही चामट होत नाहीत, असा आमचा प्रयोगसिद्ध निष्कर्ष आहे.

मुले चौथी-पाचवीत असतील, तर पेनसिल्व्हेनियाच्या स्की संघटनेचा खास पास मिळतो. थोडे शुल्क भरले, की तिथल्या अनेक डोंगरांची तिकिटे त्यात येतात. अटी नीट वाचा आणि वर्ष हुकवू नका.

आमचा मुलगा चौथीत गेल्यावर तोच पास काढला. आधी कॅम्पगॉला दोन शनिवार, मग शॉनी. तिसऱ्या खेपेला तो टाचेवर बोर्ड तिरका धरून, झाडाचे पान गळते तसा डावीकडे-उजवीकडे झुलत, न पडता खाली आला. आम्ही प्लास्टर घातलेला हात हलवला. त्याने आमच्याकडे पाहिले नाही, मागून येणाऱ्या एका लहान मुलीला तो काहीतरी समजावून सांगत होता.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा निघणार आहोत. व्हॅनमध्ये तीन जागा आहेत, आणि आमच्या मुलाला लहान झालेली हेल्मेट व स्नोपँटची जोडी घरी पडून आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या वर्गणीबरोबर चिठ्ठी द्यावी. पुऱ्या आम्ही आणू, चहाचा थर्मास कुणीतरी आणा.