बोंडाचे चित्र काढले, गिऱ्हाईक कोण?



७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनी, केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्र्यांनी आपल्या कापसाचे बारसे उरकले. नाव 'कस्तुरी कॉटन'. सोबत बोधचिन्ह. शुभ्रता, चमक, मऊपणा, शुद्धता अशी गुणांची यादीही वाचली गेली. वेचणाऱ्या बाईची सोललेली बोटे त्या यादीत नव्हती.

चिन्हाला आमचा विरोध नाही. बाजारात खूण लागतेच. पण चित्रकार आधी गिऱ्हाइकाला विचारतो, तुम्ही कोण, विकता काय, लोकांनी तुम्हाला कशावरून ओळखावे? हे प्रश्न कोणा कोरडवाहू कापूसवाल्याला विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

अमेरिकेत काय झाले ते बघा. पॉलिएस्टरने कापसाचा बाजार खाल्ला, तेव्हा १९६६ च्या कायद्याने तिथल्या शेतकऱ्यांनी गाठीमागे वर्गणी सुरू केली. आज ती गाठीला १ डॉलर आणि वर किमतीचा अर्धा टक्का आहे. त्याच पैशातून १९७३ मध्ये लँडोर या कंपनीकडून चिन्ह काढून घेतले. 'कॉटन' या इंग्रजी शब्दातल्या दोन 'टी' अक्षरांतून उमललेले पांढरे बोंड. बस, एवढेच. पण पैसा शेतकऱ्याचा आणि मंडळावरही शेतकरी. (त्यांना सरकारी अनुदानाचा टेकू आहे, हे आम्ही विसरलेलो नाही.) १९९० च्या दुरुस्तीने तर आयात मालावरही वर्गणी बसवली. म्हणजे आपल्या कापसाचा सदरा तिकडे उतरला, तरी त्यांच्या बोंडाच्या जाहिरातीला पैसे मोजतो!

इकडे कस्तुरीची खूण चिकटते रुईच्या गाठीला. धाग्याची लांबी, मजबुती, कचरा मोजायचा, क्यूआर कोड लावायचा आणि परदेशी खरेदीदाराला खात्री द्यायची. ठीक आहे. पण स्वच्छ कापूस जिनिंगमध्ये तयार होत नाही. कवडी वेगळी काढणारा, पाला झटकणारा, ओला कापूस घरात वाळवणारा शेतकरी तो तयार करतो. काट्यावर मात्र त्याचा आणि कचऱ्याचा कापूस एकाच ढिगात पडतो, एकाच भावाने.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. प्रत मोजायची ती काट्यावर, शेतकऱ्यासमोर. कस्तुरीच्या प्रतीचा जादा भाव पावतीवर वेगळ्या ओळीत लिहायचा. आणि चिन्हाचे नियम ठरवणाऱ्या समितीत निम्म्या जागा कापूस पिकवणाऱ्यांच्या. बैठकीला येताना गेल्या हंगामाच्या काटापट्ट्या घेऊन या.