गवंड्याच्या हातावरचे इसब

बांधकामावर माल कालवणाऱ्या बिगाऱ्याचे किंवा गिलावा करणाऱ्या गवंड्याचे हात एकदा निरखून पाहावेत. बोटांच्या बेचक्यांत भेगा, मनगटापर्यंत लाल चट्टे, कोठे लस, तर कोठे चामड्यासारखी जाड झालेली कातडी. हे सिमेंटमुळे होणारे इसब. लोक त्याला नायटा समजून दूर राहतात. मुकादम 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणून मोकळा होतो. वस्तुतः इसब एकाचे दुसऱ्याला लागत नाही.

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ते त्वचेचे संरक्षक आवरण मोडते आणि त्यातून सिमेंटमधील षट्संयुजी क्रोमियम आत शिरते. शरीराला त्याचे वावडे जडते. या इसबाचे मूळ क्रोमियममध्ये आहे, हे १९५० सालीच दाखवून देण्यात आले होते. एकदा जडलेले वावडे सहसा जन्मभर सुटत नाही. क्रोमियमने कमावलेल्या चामड्याची चप्पलही मग पायाला सोसेनाशी होते. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे मलम खाज दाबते, पण फार काळ लावल्यास कातडी पातळ करते. आणि दुसऱ्या दिवशी हात पुन्हा त्याच मालात!

याला दैव म्हणावे काय? डेन्मार्कमध्ये १९८१ पासून सिमेंटमध्ये थोडे फेरस सल्फेट मिसळले जाऊ लागले. त्यामुळे क्रोमियमला त्वचेत सहजी न शिरणारे त्रिसंयुजी रूप येते. युरोपीय संघाने २००५ पासून विद्राव्य षट्संयुजी क्रोमियमवर दहा लाख भागांत दोन भाग अशी मर्यादा घातली. अर्थात हा रोग टाळता येतो. तो टाळण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

कारखान्यातील कामगाराच्या अशा त्वचारोगाला कायद्याने व्यावसायिक रोग मानले. बांधकाम कामगारांसाठीही १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. परंतु हजेरीपटावर ज्याचे नावच नाही, त्या नाक्यावरच्या मजुराच्या रोगाची नोंद कोण करणार?

मजुरीच्या दरासाठी आपण झुंजलो. मजुराच्या कातडीचा विषय मात्र गौण मानला, ही कबुली दिलीच पाहिजे. सिमेंटमधील क्रोमियमवर कायदेशीर मर्यादा, कामावर हातमोजे आणि हात धुण्यास स्वच्छ पाणी, इसब झालेल्यास त्याच मजुरीवर दुसरे काम आणि मोफत उपचार, या मागण्या प्रत्येक निवेदनात आल्या पाहिजेत. त्यासाठी पुरावा लागेल. तेव्हा कार्यकर्त्यांनी सकाळी नाक्यावर जावे, मजुरांचे हात पाहावेत, आणि कोणाला किती वर्षांपासून त्रास आहे, किती दिवसांची मजुरी बुडाली, याची वहीत नोंद करावी. आरंभ तेथूनच होईल.